कडी बाहेरून होती

खिडक्या अकरा.

झडपा बावीस. काचा अठ्ठ्याऐंशी, त्यातल्या नऊ तडकलेल्या, दोन नव्हत्याच, त्यांच्या जागी पुठ्ठा. बिजागऱ्या चव्वेचाळीस. कड्या अकरा.

त्यातल्या दहा आतून.

हे आकडे माझे नाहीत. माझ्या मावसबहिणीच्या वहीतले आहेत आणि ती वही मी स्वतः हातात घेऊन पाहिली आहे. ताई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर आकडे वाचते आणि लिहिते. घरात तिला सगळे 'मापाडी' म्हणतात. आजवर तिनं एकही आकडा वाढवून किंवा कमी करून सांगितलेला नाही, स्वतःचं वजनसुद्धा नाही. म्हणून पुढचं जे सांगते आहे, ते घडलं आहे असं धरूनच सांगते आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गुरुवार होता, संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. पण त्या गुरुवारपर्यंत पोचायचं तर आधी खिडक्यांचं सांगायला हवं.

ताई आणि भाऊजींनी हे दुमजली घर घेतलं ते गल्लीच्या टोकाला, एकटं, मागे मोकळी जागा असलेलं. घर दणकट होतं. खिडक्या मात्र पार कामातून गेलेल्या. लाकूड फुगलेलं, झडपा लागत नव्हत्या आणि फटींतून असा वारा यायचा की पलंगावर ठेवलेलं वर्तमानपत्र आपोआप पान उलटायचं.

एरवी त्यांनी ती थंडी तशीच काढली असती. पण तिकडे दवाखान्यात मावशी होती, ताईची आई. दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिन्यांनी घरी न्याल, पण गार वारा लागता कामा नये. पुन्हा छाती भरली तर या वयात हातात काही राहणार नाही.

कंत्राटदार तीन आठवडे "उद्या येतो" म्हणत होता. त्याचा उद्या काही उजाडेना.

"आपणच बसवू," ताई म्हणाली.

"आपण म्हणजे मी," भाऊजी म्हणाले. ते बसच्या आगारात मेकॅनिक आहेत. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं.

"माप मी घेणार."

"ते तर तू लग्नाच्या बोलणीतच घेतलंस माझं."

खिडकीचं माप एकदा घेऊन चालत नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. यातलं सगळ्यात लहान धरायचं आणि त्यातूनही दहा मिलिमीटर सोडायचे, म्हणजे चौकट भोकात सुखानं बसते. ताईनं अकरा खिडक्यांची सहासष्ट मापं घेतली. नव्या खिडक्या आल्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या, दुहेरी काचेच्या, रबराच्या पट्टीनं घट्ट लागणाऱ्या.

दोन शनिवार-रविवारांत दहा झाल्या. भाऊजी पटाशीनं जुनी चौकट सोडवायचे, ताई धूळ झाडून नवी आत सरकवायची. खाली पाचरी, वर पाणसळ. बुडबुडा मध्यावर आला की स्क्रू. मग कडेनं फोम. खिडकी लावली की गल्लीतला आवाज कापून टाकल्यासारखा बंद व्हायचा. दोघं एकमेकांकडे बघून उगाच हसायचे.

अकरावी राहिली.

ती वरच्या मागच्या खोलीत होती, उत्तरेच्या भिंतीला. मावशीला हीच खोली द्यायची होती, कारण न्हाणीघर लागून होतं.

या खिडकीला आतून कडी नव्हती. कडीची भोकंही नव्हती. झडपा आतल्या बाजूला उघडणाऱ्या होत्या, पण ओढून उघडेनात.

भाऊजी शिडी घेऊन मागे गेले. भिंत सरळ सपाट. सज्जा नाही, पाइप नाही, जवळपास झाडही नाही. खाली गवत. ताईनं टेप सोडून मोजलं होतं... खिडकीच्या फळीपासून गवतापर्यंत चार मीटर वीस.

"मापाडी," भाऊजींनी शिडीवरून हाक मारली. "कडी इकडे आहे."

"बाहेर?"

"बाहेर. चोरांची चांगली सोय केलीय कोणीतरी. बिचाऱ्यांना दार वाजवायला नको."

मग त्यांनी कडी दोनदा सरकवून पाहिली.

"काय झालं?"

"काही नाही. बाकीच्या कड्या गंजून चिकटलेल्या होत्या ना? ही... ही वापरातली आहे. चकचकीत आहे. जिथं बोट लागतं तिथं पितळ झिजलंय."

कडी निघाली. अगदी सहज.

ताईनं वहीत लिहिलं: 'क्र. ११. उलटी बसवलेली होती. दुरुस्त केली.'

हीच ती चूक.

त्याच शनिवारी संध्याकाळी सुतारकाका आले. जुन्या चौकटींचं लाकूड ते नेणार होते. साठी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. दहा चौकटी हातगाडीवर चढवून झाल्या. अकरावी उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"ही कुठली, ताई?"

"वरची. उलटी बसवली होती कोणीतरी."

त्यांनी काचेच्या कडेची वाळकी पुट्टी अंगठ्यानं चाचपली. मग खालची फळी चाचपली.

"उलटी नव्हती. बरोबर बसवली होती."

"कडी बाहेर होती, काका."

"कडीचं सोडा. पुट्टी नेहमी पावसाच्या बाजूनं भरतात. फळीचा उतारही पावसाच्या बाजूला देतात, पाणी घराबाहेर पडावं म्हणून. झडप, पुट्टी, उतार, कडी, चारही गोष्टी चुकत नसतात कोणाच्या. शिकाऊ पोरगासुद्धा एक चुकेल. दोन चुकेल." ते उभे राहिले. "ज्यानं ही बसवली, त्यानं तुमची खोली बाहेर धरली होती."

"आणि घर?"

सुतारकाकांनी हातगाडीची दोरी आवळली.

"ही राहिली की," भाऊजी म्हणाले.

"ती नको मला. ज्यांची आहे त्यांना लागेल."

भाऊजी रात्री जेवताना त्यांची नक्कल करून दाखवत होते. ताई हसली. पण हात धुतल्यावर ती वर जाऊन आली. नव्या खिडकीखालची भिंत तिनं टॉर्च लावून पाहिली. प्लास्टरवर, आतल्या बाजूला, फळीपासून जमिनीपर्यंत पाण्याचे जुने ओघळ होते. कित्येक पावसाळ्यांचे.

पाऊस खोलीत पडत असल्यासारखे.

रविवारी मावशी आली. काडी झालेली, पण जीभ शाबूत.

"जावईबापू, खिडक्या तुम्ही बसवल्यात?"

"हो, आई."

"मग पलंग जरा लांबच ठेवा."

पहिले दोन दिवस बरे गेले. मावशीचा खोकला कमी झाला. ताईनं प्रयोगशाळेतला एक तापमापक घरी आणला होता. त्याला दोन तारा असतात, दोन ठिकाणचं तापमान एकदम दाखवतो. एक तार खोलीत टांगली. दुसरी रबराच्या पट्टीखालून उत्तरेच्या खिडकीबाहेर सोडली, काचेपासून वीतभर लांब.

बुधवारी सकाळी काचेवर दव होतं.

ताईनं बोट फिरवलं. बोट कोरडं. दव बाहेरून होतं.

याला कारण असू शकतं. दुहेरी काचेवर थंडीत कधी कधी बाहेरून दव धरतं. पण मग ते त्याच भिंतीतल्या, नेमक्या हिच्याखालच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरही हवं. ती कोरडी होती. फक्त हिच्यावर दव धरायला मग एकच कारण उरतं... पलीकडची हवा खोलीपेक्षा उबदार आणि दमट असली पाहिजे. माणसं राहतात तशी.

तिनं तापमापक पाहिला.

खोलीत १७.१.

बाहेर २४.६.

अंगणातल्या साध्या तापमापकावर नऊ होते. तार बिघडली असेल म्हणून तिनं दोन्ही तारांची अदलाबदल केली. पुन्हा २४.६. खिडकी उघडली, आकडा भराभर उतरून नऊवर आला. खिडकी लावली. आकडा चढत चढत गेला आणि थांबला.

२४.६.

"अगं, लाव ती," मावशी पांघरुणातून म्हणाली. "बाहेर किती गारठा आहे."

"लावलीय, आई."

"मग मला कधी घेणार?"

"कुठं?"

"आत," मावशी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

ताईनं तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

त्यानंतर आवाज सुरू झाले.

मोठे नव्हते. उलट, एवढे ओळखीचे की आधी लक्षच जाऊ नये. खुर्ची सरकल्याचा. भांडं भांड्याला लागल्याचा. कोणीतरी घसा खाकरल्याचा. ताईला वाटलं खाली भाऊजी आहेत. मग भाऊजी तिच्या शेजारी उभे असताना तिनं तो ऐकला.

त्यांनीही ऐकला.

आवाज उत्तरेच्या काचेतून येत होता. जिथं फक्त हवा होती.

भाऊजींनी खिडकी उघडली... काही नाही. गवत. लांब कुठंतरी कुत्रं. खिडकी लावली, आणि पुन्हा खुर्ची सरकली.

"शेजारचा आवाज घुमत असेल," भाऊजी म्हणाले.

शेजार त्या बाजूला नव्हताच. ते त्यांनाही माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही, आणि ताई म्हणते, तिला पहिल्यांदा भीती वाटली ती त्याची.

आणि रोज संध्याकाळी, अंधार पडता पडता... टिक. टिक. टिक.

नखानं प्लास्टिक चाचपल्यासारखं. बाहेरून. आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर. बरोबर त्या उंचीवर, जिथं जुन्या खिडकीची कडी होती.

ताईनं वहीत वेळा लिहिल्या. पुढच्या आठवड्यातला सोमवार, सहा एकेचाळीस. मंगळवार, सहा चाळीस. बुधवार, सहा चाळीस. दर वेळी साधारण दोन मिनिटं. त्या आकड्यांकडे बघता बघता तिच्या एकदम ध्यानात आलं.

कोणीतरी आत यायला धडपडत नव्हतं.

कोणीतरी संध्याकाळ झाली म्हणून आपली खिडकी लावून घ्यायला बघत होतं. इतकी वर्षं लावत होतं तशी. आणि कडी सापडत नव्हती.

तिनं त्याच रात्री मावशीला खाली हलवायचं ठरवलं. पण मावशी दमली होती, झोपली होती. जिन्याच्या गार बोळातून तिला उठवून नेणं डॉक्टरांनी नको म्हटलं असतं. उद्या, असं ठरलं. उद्या संध्याकाळी, भाऊजी लवकर आले की, पलंगासकट.

उद्या गुरुवार होता.

ताई साडेसहाला घरी पोचली. भाऊजी नुकतेच आले होते, खालच्या खोलीत पलंगासाठी जागा करत होते.

"आई?"

"झोपल्यात. आत्ताच वर जाऊन आलो. कोणाशी तरी बोलत होत्या झोपेत. एकदम खुशीत."

ताई जिना चढली. सोळा पायऱ्या. तेराव्या पायरीवर तिला मावशीचा आवाज आला.

"नको हो, चहा नको. मी बसते नुसती."

मग गप्प. समोरच्याचं बोलणं ऐकावं तेवढं गप्प.

"हो ना. अकरा दिवस बाहेरच ठेवलंय मला."

ताईनं दार ढकललं.

पलंग रिकामा होता. पांघरुणाची घडी केलेली.

उत्तरेची खिडकी सताड उघडी.

आणि खिडकीखाली, भिंतीला टाचा नव्हे, बोटं लावून, मावशीच्या सपाता. शेजारी शेजारी, नीट. कोणाच्या घरी जाताना आपण दाराबाहेर काढून ठेवतो तशा.

मावशी फळीवर बसली होती. पाय पलीकडे. खाली चार मीटर वीस.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर मावशी दचकली असती. ती चार पावलं टाकत गेली आणि मागून दोन्ही हातांनी तिच्या कमरेला मिठी घातली.

मावशीची पाठ बर्फासारखी गार होती. ताईचा हात पुढे तिच्या गुडघ्यावर गेला...

गुडघा उबदार होता. शेकोटीपुढे बसलेल्या माणसाचा असतो तसा. खिडकी उघडी होती, आकडा नऊ असायला हवा होता, आणि ताईच्या मनगटापासून पुढचा हात सरळ सरळ एका उबदार खोलीत होता.

"आई, आत ये."

"आतच तर चाललेय गं."

ताईनं ओढलं. मावशी जेमतेम अडतीस किलोची. हलली नाही. ताईनं पाय भिंतीला लावून ओढलं. पलीकडून कोणी हिसका देत नव्हतं. फक्त कोणीतरी पाहुण्याचा हात हातात घेऊन बसावं, तसं धरून ठेवलं होतं. आग्रहानं. सोडायचा प्रश्नच नाही असं.

तेवढ्यात चौकटीवर, तिच्या कानाशी...

टिक. टिक. टिक.

सहा चाळीस.

ताई म्हणते, पुढचं ती बोलली ते तिला आधी सुचलेलं नव्हतं.

"कडी माझ्याकडे आहे," ती समोरच्या अंधाराला म्हणाली. "तुमची खिडकी आहे, माझं चुकलं. आज लावून देते. जशी होती तशी. पण ही माझी आई आहे. ही बाहेरची आहे."

टिक थांबलं.

मग मावशी कोणाला तरी सांगावं तसं म्हणाली, "बरं. येते मग. लेक बोलावतेय." आणि तिचं सगळं वजन ताईच्या अंगावर आलं. दोघी मागे जमिनीवर पडल्या.

भाऊजींनी सुतारकाकांना फोन केला. का, कशाला, काही न विचारता ते वीस मिनिटांत आले. जुनी चौकट पुढच्या पडवीत तशीच उभी होती. नवी निघाली, जुनी चढली. पुट्टी खोलीच्या बाजूला. उतार खोलीच्या बाजूला. ताईनं पाणसळ धरली, बुडबुडा मध्यावर आला तशी मान हलवली.

कडी बाहेरून ठोकायला भाऊजी शिडीवर चढले. चार स्क्रू. उतरून त्यांनी शिडी गवतात आडवी टाकली आणि वर आले.

"लावली का बाहेरून?" सुतारकाकांनी विचारलं.

"नाही. नुसती बसवून आलो, झडपा अजून उघड्याच आहेत. आता पुन्हा चढतो..."

झडप हलली.

तिघंही बघत होते. दोन्ही झडपा सावकाश पलीकडे गेल्या, चौकटीला टेकल्या आणि बाहेरून कडी पडली.

खट्.

सुतारकाकांनी हत्यारं पिशवीत भरली. जिना उतरताना ते एवढंच म्हणाले, "बाकीच्या दहांकडे लक्ष ठेवा, ताई. एकदा ओळख झाली की येणं-जाणं वाढतं."

त्या खोलीला आता कुलूप आहे. मावशी तळमजल्यावर, पुढच्या खोलीत झोपते. तिची छाती साफ झाली, वजन तीन किलोनं वाढलं. त्या संध्याकाळचं तिला काही आठवत नाही. विचारलं तर म्हणते, "स्वप्न पडलं असेल. पण माणसं चांगली होती हो."

घर सोडायचं का, यावर बोलणं निघतं. दर वेळी अर्धवट राहतं.

मी गेल्या महिन्यात त्यांच्याकडे दोन दिवस राहून आले. निघायच्या सकाळी मावशीच्या खोलीत चहा द्यायला गेले, तर तिच्या सपाता पलंगाखाली नव्हत्या. खिडकीखाली होत्या. बोटं भिंतीकडे.

मी ताईला दाखवल्या. तिनं कपाटातून तापमापक काढला, दुसरी तार रबराच्या पट्टीखालून बाहेर सोडली, काचेपासून वीतभर लांब. पंधरा मिनिटं आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसून राहिलो. मावशी घोरत होती.

मग ताईनं वही उघडली आणि लिहिलं.

खोलीत १८.२.

अंगणात ९.४.

काचेपलीकडे २४.६.